हातमोजे घेताना

मुंबई-गोवा महामार्गावरच्या गडबच्या शेजारीच डोलवीचा पोलाद कारखाना आहे. साहजिकच या पट्ट्यात सळई, पत्रा, वेल्डिंग, सिमेंट अशी जड कामं भरपूर. पण बरेचदा साऱ्याला एकच जोड वापरला जातो: पांढरा सुती, स्वस्त. तो धूळ आणि किरकोळ खरचटणं थोपवतो, बस्स. पत्र्याची धार त्यातून सहज आत जाते.

मोज्याच्या पाठीवर हातोड्याचं चिन्ह आणि ‘इएन ३८८’ छापलेलं असेल तर खालचे आकडे वाचा. पहिले चार अनुक्रमे घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं यांचे. आकडा मोठा तितका मोजा दणकट. पुढचं अक्षर कापण्याच्या वेगळ्या चाचणीचं असतं. त्यात ‘ए’ सर्वांत कमी, ‘एफ’ सर्वांत जास्त. पत्रा हाताळणाऱ्याने हे अक्षर आधी पाहावं.

वेल्डिंगला लांब बाहीचे चामडीच हवेत. नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. ओल्या सिमेंटला मात्र चामडं नको. ते पाणी शोषतं आणि सिमेंटचा क्षार हाताला लागून राहतो. तिथे रबर किंवा नायट्राइल.

माप म्हणजे अंगठा सोडून तळहाताचा घेर, इंचांत. आठ इंच भरला तर आठ नंबर. सैल मोजा पकड घालवतो आणि घट्ट मोजा तासाभरात काढून खिशात जातो. कोकणातल्या घामात तर पाठीकडून जाळीदार विणीचाच बरा.

फिरत्या ड्रिल मशीनवर किंवा लेथवर मात्र कितीही महाग मोजा असो, घालू नका. तो हातासकट आत ओढला जातो.