रिचफिल्डचे कोलिझियम : न आलेल्या शहराची वाट पाहणारे क्रीडागृह

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड आणि अ‍ॅक्रन या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध, रिचफिल्डच्या शेतीवाडीच्या प्रदेशात, वीस हजारांहून अधिक प्रेक्षक सामावून घेणारे एक बंदिस्त क्रीडागृह होते. महंमद अलीची लढत, मायकल जॉर्डनचा गाजलेला 'शॉट' आणि भारतीय प्रेक्षकांनाही परिचित असलेल्या 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'च्या कुस्त्या या वास्तूने पाहिल्या. १९७४ मध्ये उघडलेले हे 'रिचफिल्ड कोलिझियम' वीस वर्षांत बंद झाले आणि १९९९ मध्ये जमीनदोस्त करण्यात आले. आज तेथे गवताचे माळरान आहे. एखाद्या क्रीडागृहाचे भवितव्य खेळापेक्षाही त्याच्या जागेवर किती अवलंबून असते, हे या इतिहासातून दिसते.

मिलेटी यांचे गणित

कोलिझियमची कल्पना निक मिलेटी यांची. क्लीव्हलँडचा 'कॅव्हेलियर्स' हा बास्केटबॉल संघ १९७० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने 'एनबीए'मध्ये दाखल झाला. हा संघ शहरातील युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवरील 'क्लीव्हलँड अरीना'मध्ये खेळत असे. १९३७ मध्ये उघडलेली ती वास्तू जुनी आणि अपुरी होती.

शहराची अवस्थाही फारशी उत्साहवर्धक नव्हती. १९५० मध्ये क्लीव्हलँडची लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. १९७० पर्यंत ती साडेसात लाखांवर आली. मध्यमवर्ग उपनगरांकडे निघाला होता. क्लीव्हलँड दक्षिणेकडे आणि अ‍ॅक्रन उत्तरेकडे पसरत जाऊन दोन्ही मिळून एक महानगर होईल, असा त्या काळी अनेकांचा होरा होता. तसे झाले तर मध्यावरची जागा दोन्हीकडच्या प्रेक्षकांना सोयीची ठरणार होती. म्हणून मिलेटी यांनी आंतरराज्य महामार्ग २७१ आणि राज्य मार्ग ३०३ जेथे मिळतात, तेथील जागा निवडली. क्लीव्हलँडच्या मध्यवस्तीपासून ती सुमारे तीस किलोमीटरवर होती.

२६ ऑक्टोबर १९७४ रोजी फ्रँक सिनात्रा यांच्या गायनाने कोलिझियमचे उद्घाटन झाले. महामार्गावरून आलेल्या मोटारी शेवटच्या टप्प्यातील अरुंद रस्त्यावर अडकल्या आणि पहिल्याच रात्री वाहतूक कोंडीने प्रेक्षकांना हैराण केले. ही तक्रार पुढे वीस वर्षे कायम राहिली. तेथे पोहोचण्यास मोटारीवाचून व्यवहार्य साधन नव्हते आणि बास्केटबॉलचा हंगाम नेमका बर्फवृष्टीच्या दिवसांत येत असे.

वैभवाची वर्षे

असे असूनही या वास्तूच्या वाट्याला आलेले क्षण थक्क करणारे आहेत. २४ मार्च १९७५ रोजी येथे महंमद अली आणि चक वेप्नर यांच्यात जागतिक हेवीवेट विजेतेपदाची लढत झाली. फारसे नाव नसलेल्या वेप्नरने नवव्या फेरीत अलीला खाली पाडले आणि पंधराव्या फेरीचे अवघे १९ सेकंद उरेपर्यंत तो झुंजत राहिला. ही लढत पाहूनच सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना 'रॉकी'ची कल्पना सुचली. १९७६ च्या त्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले.

त्याच वर्षी कॅव्हेलियर्सनी प्रथमच 'प्लेऑफ' गाठली आणि सात सामन्यांच्या मालिकेत वॉशिंग्टन बुलेट्सला नमवले. यातील तीन सामन्यांचा निकाल अगदी अखेरच्या क्षणी लागला. २९ एप्रिलच्या निर्णायक सामन्यात डिक स्नायडरने अखेरची चार सेकंद उरली असताना केलेल्या गोलमुळे संघ ८७-८५ असा जिंकला. स्थानिक क्रीडारसिक ही मालिका आजही 'रिचफिल्डचा चमत्कार' या नावाने ओळखतात.

७ मे १९८९ ची आठवण मात्र क्लीव्हलँडकरांना बोचणारी आहे. शिकागो बुल्सविरुद्धच्या पाचव्या आणि निर्णायक सामन्यात यजमान संघ एका गुणाने आघाडीवर असताना मायकल जॉर्डनने क्रेग एहलोला चकवून शेवटच्या क्षणी चेंडू बास्केटमध्ये टाकला. बुल्स १०१-१०० असे जिंकले. तीन वर्षांनी, १७ मे १९९२ रोजी, बोस्टनचा महान खेळाडू लॅरी बर्ड 'एनबीए'तील आपला अखेरचा सामना याच मैदानावर खेळला.

आइस हॉकीला मात्र येथे बस्तान बसवता आले नाही. ओकलंडहून आलेला 'बॅरन्स' हा 'एनएचएल' संघ १९७६ ते १९७८ असे दोनच हंगाम टिकला आणि नंतर मिनेसोटाच्या संघात विलीन झाला.

शहर आलेच नाही

मिलेटी यांच्या गणिताला पहिला धक्का उद्घाटनानंतर दोनच महिन्यांत बसला होता. कोलिझियमच्या पाठोपाठ कायाहोगा नदीच्या खोऱ्यात दुकाने, हॉटेले आणि वसाहती उभ्या राहतील, ही धास्ती स्थानिक रहिवासी व पर्यावरणप्रेमींना होती. खोरे वाचवण्याच्या त्यांच्या चळवळीला त्यामुळे बळ मिळाले. २७ डिसेंबर १९७४ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या खोऱ्याला राष्ट्रीय संरक्षण देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्या विस्ताराच्या भरवशावर क्रीडागृह उभे राहिले, त्याच विस्ताराला त्याच्या शेजारी बांध घातला गेला.

वास्तूच्या रचनेतही उणिवा होत्या. प्रेक्षकांच्या ये-जा करण्यासाठी एकच वर्तुळाकार मार्गिका असल्याने मध्यंतरात तेथे चालणेही कठीण होई. धनिकांसाठीचे खास कक्ष सर्वांत वर, मैदानापासून दूर होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रीडा व्यवसायाचे अर्थकारण बदलले. मैदानाजवळच्या महागड्या कक्षांतून मिळणारे उत्पन्न संघमालकांना मोलाचे वाटू लागले.

त्याच सुमारास क्लीव्हलँडला आपली ओस पडत चाललेली मध्यवस्ती पुन्हा जिवंत करायची होती. १९९० पर्यंत शहराची लोकसंख्या सुमारे पाच लाखांवर घसरली होती. मे १९९० मध्ये कायाहोगा काउंटीच्या मतदारांनी मद्य व सिगारेटवरील कराला मंजुरी दिली आणि त्या पैशांच्या आधारे बेसबॉल मैदान व नवे क्रीडागृह यांचा प्रकल्प आकाराला आला. १९८३ पासून संघाची मालकी असलेल्या गंड बंधूंनी शहरात परतण्याचा निर्णय घेतला. १९९४ मध्ये 'गंड अरीना' उघडले आणि कोलिझियमला टाळे लागले.

क्रीडांगणाचे माळरान

वापराविना पडून असलेल्या या वास्तूच्या जागेवर व्यापारी बांधकाम होण्याची भीती होती. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' या संस्थेच्या पुढाकाराने ही जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आली. १९९९ मध्ये इमारत पाडण्यात आली, वाहनतळ उखडले गेले आणि जमिनीवर गवत पेरण्यात आले. पुढच्याच वर्षी या खोऱ्याला 'कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्याना'चा दर्जा मिळाला.

या माळावर आता मेडोलार्क, बोबोलिंक आणि चिमणीच्या कुळातील पक्षी आढळतात. जमिनीलगत घरटी करणाऱ्या या पक्ष्यांना विस्तीर्ण, मोकळे गवताळ रान लागते. शेती आणि वसाहतींच्या रेट्यात असे अधिवास कमी होत असताना, वीस हजार प्रेक्षकांसाठी सपाट केलेली जागा त्यांच्या उपयोगी पडली.

कोलिझियमला प्रेक्षकांनी झिडकारले होते, असे म्हणता येणार नाही. तेथील सामन्यांच्या आठवणी आजही हळवेपणाने सांगितल्या जातात. पण क्रीडागृह आधी बांधले की शहर आपोआप त्याच्याकडे सरकते, हा समज मात्र येथे खोटा ठरला. आपल्याकडेही शहराबाहेर भव्य संकुलांच्या घोषणा होतात तेव्हा आसनसंख्येची चर्चा अधिक रंगते. रात्री सामना संपल्यावर प्रेक्षक घरी कसा जाणार आणि खेळ संपल्यावर त्या जमिनीचे काय होणार, हे दोन प्रश्न तेव्हाच विचारले गेले पाहिजेत. रिचफिल्डला पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधी सापडले नाही; दुसऱ्याचे मात्र चांगले सापडले.