ओसरीवरचे पाहुणे

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर गाडी शहराबाहेर पडून पुरता वेग घेते न घेते तोच वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक येते, आणि लग्नसराईचे दिवस असले तर साड्यांची गाठोडी सांभाळीत, आहेराची यादी पुन्हा पुन्हा तपाशीत पाच-सात कुटुंबे तरी तेथून गाडीत शिरतात. कारण जवळचे गांधीनगर ही कापडाची घाऊक पेठ असून, दक्षिण महाराष्ट्रातल्या बेताच्या मिळकतीच्या घरांत लग्नाचा बस्ता बांधावयाचा म्हणजे गांधीनगरास जावयाचे, असा जणू दंडकच पडून गेला आहे. ज्या गल्ल्यांतून ही मंडळी भाव करीत हिंडतात, तेथे १९४३ पासून पुढे पाचेक वर्षे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वस्ती होती, ही गोष्ट त्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर आली असेल.

१९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला, तेव्हा रशियाच्या वाट्यास आलेल्या मुलखातील लक्षावधी माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे व कझाकस्तानकडे रवाना करण्यात आली. पुढे हिटलरने रशियावरच चाल केली, लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, आणि १९४२ मध्ये त्यांतली एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्यास लागली. तेथून त्यांची वाटणी झाली. पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींनी हजारोंना घेतले, मेक्सिकोने सुमारे चौदाशे घेतले, न्यूझीलंडने ७३३ मुले बोलावून घेतली, नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीस मुलांसाठी छावणी उभारली, आणि बहुतांशी बायका-मुलांचा एक मोठा लोंढा वळिवड्याच्या बराकींत येऊन स्थिरावला. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती, नाटकेही होत असत. खर्च मात्र लंडनमधल्या त्या परागंदा सरकारच्या खाती मांडला जाई, आणि ही सारी सोय युद्धापुरती होती.

युद्ध संपले, आणि ही माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. बराकी रिकाम्या होतात न होतात तोच फाळणीने घरादारास मुकलेली सिंधी कुटुंबे त्यांत येऊन उतरली. बराकी त्याच, पंचगंगेचे पाणी तेच. परंतु एक पाहुणे पाच वर्षांनी निघून गेले आणि दुसऱ्यांनी बाजारपेठ वसविली, ह्याचे कारण शोधू गेल्यास ते कोल्हापूरकरांच्या स्वभावात सापडत नाही, सरकारी दफ्तरात सापडते. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना, १९ जुलै १९४८ पूर्वी आले असल्यास थेट आणि नंतर आले असल्यास नोंदणी करून, या देशाचे नागरिक मानले. एकास ओसरीवर पथारी मिळाली होती. दुसऱ्यास माजघरात घेतले गेले.

निर्वासितांच्या बाबतीत कोणता देश उदार आणि कोणता कृपण, असा वाद जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा ओसरी आणि माजघर यांतला हा भेद बहुधा कोणी विचारात घेत नाही. जो तो आपल्या सोयीचे माप पुढे करतो, आणि प्रत्येक मापागणिक पहिला क्रमांक बदलतो. निव्वळ डोकी मोजली तर २०२४ अखेर इराण पहिला होता, ३५ लाख निर्वासित, बहुतेक अफगाण; त्यामागून तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी आणि युगांडा. लोकसंख्येशी प्रमाण पाहिले तर चिमुकल्या लेबनॉनसारखा देश वर येतो, जेथे तेव्हा दर आठ माणसांमागे एक निर्वासित होता. ऐपत पाहावी तर चित्र अधिकच विचित्र दिसते. कारण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या हिशेबाप्रमाणे जगातील शंभर निर्वासितांपैकी ७३ त्या वेळी गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. यात त्या देशांच्या दानतीचा भाग किती आणि भूगोलाचा किती, हे सांगणे कठीण. जीव घेऊन पळणारा माणूस पहिली सीमा ओलांडली की तेथेच बसकण मारतो, आणि शेजाऱ्यास दार लावून घेण्याचीही उसंत मिळत नाही.

पुनर्वसन ही याहून निराळी गोष्ट. शेजारच्या देशात आसरा घेतलेल्या निर्वासिताची निवड करून, चौकशी आणि वैद्यकीय तपासणी उरकून, तिसऱ्याच एखाद्या देशाने त्याला विमानाने आणावयाचे आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. यात घेणारा देश संख्या स्वतः ठरवतो, माणसेही स्वतः निवडतो. म्हणून औदार्याची खरी कसोटी येथे लागावयास हवी. २०२४ मध्ये जगभरात अशा रीतीने १ लाख ८८ हजार माणसांना नवे घर मिळाले, आणि हा आकडा कित्येक वर्षांतला सर्वांत मोठा होता. जगात निर्वासित त्या वेळी ४ कोटी २७ लाख होते. म्हणजे हजारात चार-पाच.

या चार-पाचांतही सर्वांत मोठा वाटा पुष्कळ वर्षे अमेरिकेचा असे. तेथे १९८० च्या कायद्यान्वये राष्ट्राध्यक्ष दरसाल निर्वासितांची कमाल संख्या मुक्रर करतो. त्या पहिल्याच वर्षी, व्हिएतनाम-कंबोडियातून पळालेल्यांची दैन्यावस्था डोळ्यांपुढे असताना, दोन लाखांहून अधिक माणसे तिने घेतली. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक लाख घेतली. जानेवारी २०२५ मध्ये एका हुकमाने हा कार्यक्रमच तहकूब झाला, आणि २०२६ साठी मर्यादा ठरली ७,५००. विमानाची तिकिटे हाती असलेली माणसे तशीच मागे राहिली. इतके मोठे दार इतक्या थोड्या शाईने बंद होऊ शकते, हे पाहिल्यावर औदार्य एखाद्या राष्ट्राचा स्थायीभाव असतो या कल्पनेवरचा माझा विश्वास तरी उडाला.

कॅनडाने मात्र एक तजवीज अशी केली आहे की तिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. १९७९ पासून तेथे पाच सामान्य नागरिक, मग ती एखादी शिक्षिका असो, एखादा बेकरीवाला असो, एखादे निवृत्त जोडपे असो, एकत्र येऊन सरकारला लिहून देऊ शकतात की अमुक निर्वासित कुटुंबाचा एक वर्षाचा भार आम्ही वाहू. भार म्हणजे केवळ वर्गणी नव्हे. विमानतळावर उतरवून घेणे, उणे वीस अंशांच्या थंडीत चालतील असे बूट आणि कोट जमविणे, भाड्याची जागा पाहणे, पोरांची नावे शाळेत घालणे, दंतवैद्याची वेळ ठरविणे, ही सगळी कामे त्या पाचांच्या अंगावर पडतात. आणि वर्षअखेर पाहुणा स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर ती गल्लीत उघड दिसणारी गोष्ट असते. १९७९-८० या दोन वर्षांत कॅनडात ६० हजार इंडोचिनी निर्वासित आले, त्यांतले निम्म्याहून अधिक अशा खाजगी हमीवर. आणि १९८६ साली निर्वासितांच्या सेवेसाठीचे नान्सेन पदक, जे एरवी व्यक्तींना वा संस्थांना मिळते, ते अख्ख्या कॅनडातील जनतेस देण्यात आले. तसे पुन्हा कधी झालेले नाही. अर्थात गेल्या काही वर्षांत हमीचे अर्ज इतके तुंबले की नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच जणांच्या गटांकडून नवे अर्ज घेणे थांबविण्यात आले. जनता देऊ म्हणते आणि दफ्तर नको म्हणते, असाही प्रसंग येतो.

ऑस्ट्रेलिया रांगेने आलेल्या वीस हजारांना दरसाल सन्मानाने वसवितो, आणि २०१३ पासून नावेने आलेल्याला नाउरू बेटावर, आणि काही वर्षे पापुआ न्यू गिनीतल्या मानुसवरही, पाठवून, इकडे कधीच राहू देणार नाही असे बजावतो. जपान उच्चायुक्तालयास भरघोस देणगी देतो, पण २०२३ या त्याच्या विक्रमी वर्षात त्याने निर्वासित म्हणून मान्यता दिली ती ३०३ माणसांना. स्वीडनने, जेमतेम एक कोटीच्या त्या देशाने, २०१५ साली १ लाख ६३ हजारांचे अर्ज स्वीकारले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कायदे आवळण्यास आरंभ केला.

तुर्कस्तानची गोष्ट शब्दांची आवड असणाऱ्यास रंजक वाटेल. सिरियातून तेथे एके काळी ३६ लाखांहून अधिक माणसे आली, आणि सरकारी मंडळी त्यांना ‘मिसाफिर’ म्हणत. हा आपलाच मुसाफिर. अरबीतून तिकडे गेला तो ‘पाहुणा’ झाला, इकडे आला तो ‘प्रवासी’ झाला. निर्वासित हा शब्द मात्र कायद्याने त्यांना लागू नव्हता. कारण १९५१ च्या निर्वासितविषयक जिनीव्हा करारावर सही करताना तुर्कस्तानने युरोपातून आलेल्यांनाच निर्वासित समजू अशी अट घातली होती, आणि ती अद्याप सोडलेली नाही. २०१४ मध्ये ‘तात्पुरते संरक्षण’ नावाची निराळी सनद काढून शाळा नि दवाखाने खुले करण्यात आले. जेवण यथेच्छ, ताट पाटाशिवाय, असा हा प्रकार.

युगांडा पाटही देतो आणि जमिनीचा तुकडाही. २००६ च्या कायद्याने तेथे निर्वासितास काम करण्याची, दुकान घालण्याची, देशात कोठेही फिरण्याची मुभा आहे, आणि वसाहतीत घरापुरती व थोड्या लागवडीपुरती जागा मिळते. २०१६ च्या ऑगस्टात दक्षिण सुदानातून पळालेल्यांसाठी बिडीबिडी येथे रान तोडून वसाहत आखण्यात आली, ती पाच-सहा महिन्यांत पावणेतीन लाखांच्या गावाएवढी झाली. मदतीतला तीस टक्के वाटा भोवतालच्या गावकऱ्यांच्या विहिरी, शाळा, दवाखाने यांवर खर्च करण्याचा तेथे संकेत आहे, आणि हे शहाणपण श्रीमंत देशांनी घ्यावे असे आहे. यजमानाच्या घरात चूल थंड असताना पाहुण्याच्या ताटात तूप वाढले गेले तर भांडण ठरलेलेच. माणसे वाढली तसे जमिनीचे तुकडे मात्र लहान होत गेले, परदेशी मदत आटली, शिधा घटला. आणि नागरिकत्व व्यवहारात मिळतच नाही.

यजमानाच्या खिशात प्रत्यक्ष हात घालण्याचे धैर्य मला ठाऊक असलेल्या देशांत पश्चिम जर्मनीने दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले एक कोटीहून अधिक जर्मन दोन्ही जर्मनींत शिरले. शेतकऱ्यांच्या घरांतल्या खोल्या सरकारी हुकमाने मोजून एकेक कुटुंब आत घालण्यात आले, एका चुलीवर दोन गृहिणी आल्या, आणि भाषा एक असूनही ‘निर्वासित’ ही शिवी झाली. अशा वेळी १९५२ साली भारवाटपाचा कायदा झाला: ज्यांची घरेदारे युद्धात शाबूत राहिली त्यांनी १९४८ च्या जूनमधील आपल्या मालमत्तेच्या निम्मी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनी भरावी, आणि ती सर्वस्व गमावलेल्यांना मिळावी. २०१५ मध्ये सुमारे नऊ लाख परके जर्मनीत आले, तेव्हा त्यांची प्रांतवार वाटणी कराचे उत्पन्न आणि लोकसंख्या यांच्या एका जुन्या सूत्रावरून झाली व त्यांच्यासाठी सहाशे तासांच्या भाषावर्गांची व्यवस्था होती. त्या शिस्तीला मागला अनुभव उपयोगी पडला असावा, असे मला वाटते.

आपल्याकडे १९७१ मध्ये पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी माणसे आली, तेव्हा खजिना पुरेना, म्हणून १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावण्याची सक्ती झाली. खास तिकिटे छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या लाल तिकिटांवरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारून काम भागविण्यात आले. आई, बाप आणि दोन मुले असे ते आटोपशीर चित्र, आणि त्यावर एका कोटीच्या पोटापाण्याचा उल्लेख! एवढ्या गरीब देशाने एवढा भार उचलला, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु जिनीव्हा करारावर आपली सही नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कोणास ठेवावे आणि कोणास घालवावे हे १९४६ पासून परकीयांच्या कायद्याने आणि त्या त्या सरकारच्या मर्जीने ठरत आले. नागरिकत्वाच्या कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने काही धर्मांच्या लोकांना माजघराची वाट मोकळी केली आणि मुसलमानांना ती दिली नाही.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. नागपूर-पुण्याच्या पदपथांवर थंडीच्या दिवसांत जे तिबेटी स्वेटरवाले बसतात, ज्यांच्या मालातला बराचसा लुधियान्याहून येतो पण गिऱ्हाईक ‘अस्सल तिबेटी आहे ना?’ असे हटकून विचारते, त्या मंडळींना आपल्या वास्तव्याचा दाखला मुदत संपली की नव्याने करून घ्यावा लागतो. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत येथे जन्मलेला प्रत्येक माणूस जन्मानेच भारतीय, असे नागरिकत्वाचा कायदा सांगतो; तरी तो तिबेट्यांनाही लागू आहे हे वदवून घेण्यास २०१० साली दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आणि ज्याच्या लोकांच्या कहाणीने आरंभ केला त्या पोलंडचे काय? २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्या लाखो बायका-मुलांना पोलिश कुटुंबांनी आपल्या दिवाणखान्यांत गाद्या घालून निजविले. आणि त्याच वर्षी बेलारूसच्या सरहद्दीवर, इराकी, सिरियन, अफगाण येऊ नयेत म्हणून, साडेपाच मीटर उंच व १८६ किलोमीटर लांब पोलादी कुंपण पुरे झाले. वळिवड्याच्या छावणीची आठवण म्हणून वॉर्सात उभारलेले कोल्हापूरचे स्मारक त्या कुंपणापासून काही फार लांब नाही.

वळिवड्याच्या छावणीत लहानाची मोठी झालेली काही माणसे सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरास येऊन गेली. नव्वदीकडे झुकलेली, देशोदेशी पांगलेली. त्यांची लंडनमध्ये एक संघटना आहे. त्या संघटनेचे नाव त्यांनी ‘भारतातील पोलिश लोक, १९४२-४८’ असे ठेवले आहे.