चित्रातील बिंदू आणि पानावरील इंच

एकच छायाचित्र एका पानावर रेखीव दिसते आणि दुसऱ्या पानावर पुसट, हे कसे? संगणकाने तयार केलेल्या पीडीएफ दस्तऐवजांत असा अनुभव वारंवार येतो. बहुधा दोन भिन्न मापांची गल्लत हे त्याचे कारण असते.

संगणकातील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यांना चित्रबिंदू म्हणतात. जाळीत आडवे बिंदू १२०० आणि उभे ९०० आहेत, एवढे सांगता येते. परंतु बिंदूला स्वतःची अशी लांबीरुंदी नसते. उलट, १९९३ साली प्रचारात आलेल्या पीडीएफ पद्धतीत पान मोजले जाते ते सामान्यतः इंचाच्या ७२व्या भागाने. चित्राने त्या पानावर किती जागा व्यापावी, हे दस्तऐवज तयार करणारी आज्ञावली ठरविते.

आता हिशेब पाहू. १२०० बिंदू ४ इंच रुंदीत बसविले, तर दर इंचास ३०० बिंदू येतात. तेच ८ इंच पसरले, तर १५०. कापड ताणावे तशी वीण विरळ होते. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा ६०वा भाग, इतक्या कोनाचा भेद ओळखतो. ३० सेंटिमीटर अंतरावरून पाहता हा भेद इंचास सुमारे ३०० बिंदूंइतका भरतो. मुद्रणातील ३००चा दंडक याच्याशी जुळतो.

चित्रासोबत घनतेची नोंद नसल्यास काही आज्ञावल्या ती ७२ धरून चालतात. मग आपले चित्र जवळजवळ १७ इंच रुंद होऊन ए-४ पानाबाहेर जाते. अशा वेळी बिंदू कमी करावयाचे नसतात. रुंदी इंचांत सांगावयाची असते.

खरी हानी होते ती दस्तऐवज आटोपशीर करण्यासाठी बिंदू गाळले जातात तेव्हा. जीर्ण नकाशावरील १ मिलिमीटर उंचीचे अक्षर ३०० घनतेस सुमारे १२ बिंदू उंच असते, ७२ घनतेस जेमतेम ३. तीन बिंदूंत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे राहत नाहीत. पुढे चित्र कितीही मोठे केले, तरी संगणक मधली जागा केवळ अनुमानाने भरतो; गेलेले अक्षर परतत नाही. मूळ कागद नष्ट झाला असेल, तर गावाचे नावही त्याबरोबर गेले. म्हणून पाठविण्याची प्रत लहान करावी. जपून ठेवावयाची प्रत मात्र सर्व बिंदूंसह ठेवावी.