परक्या समाजातील धर्मसेवेची उमेदवारी : मावळ-लोणावळा परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मशिक्षणात ग्रंथाध्ययनाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष सेवेच्या उमेदवारीला दिले जाते. येशूसंघाच्या प्रशिक्षणात तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या यांच्या अध्ययनादरम्यान ‘रीजन्सी’ हा कार्यानुभवाचा टप्पा असतो. प्रॉटेस्टंट परंपरेतही भावी पाळकाला एखाद्या मंडळीत अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम करावे लागते. ही उमेदवारी स्वतःच्या समाजाबाहेर करावी लागली, तर सेवा करणारा कोण आणि शिकणारा कोण, असा मूलभूत प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे केला आहे.

‘परका’ या शब्दाची व्याप्ती

परका म्हणजे केवळ परदेशी नव्हे. पुणे हे धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथून, तर युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. अशा संस्थांत केरळ, तामिळनाडू, ईशान्य भारत अशा दूरच्या प्रदेशांतून विद्यार्थी येतात. त्यांच्या दृष्टीने मराठी खेडे हा भाषा, आहार आणि जातिव्यवहार या तिन्ही बाबतींत परका प्रदेश असतो. नागरिकत्व एकच असले तरी हे अंतर आपोआप मिटत नाही.

भाषा : उमेदवारीची पहिली पायरी

हे अंतर ओलांडण्याचे पहिले साधन म्हणजे भाषा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. आगमन आणि ग्रंथप्रकाशन यांमध्ये तब्बल ३७ वर्षांचे अंतर आहे. ओवी आणि पुराण हे श्रोत्यांच्या ओळखीचे प्रकार त्यांनी स्वीकारले, यावरून त्यांनी शब्दांबरोबरच श्रवणाची रीतही आत्मसात केली होती, हे स्पष्ट होते. १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या गॉर्डन हॉल यांनाही मराठीच्या अभ्यासाशिवाय कार्याला आरंभ करणे शक्य नव्हते.

ख्रिस्त सेवा संघ : सहजीवनाचा प्रयोग

भाषा आली तरी राहणीमानातील अंतर उरतेच. बंगल्यात राहणारा गोरा मिशनरी आणि त्याच्या हाताखालचा देशी कार्यकर्ता ही रचना वसाहतकाळात रूढ होती. तिला छेद देणारा प्रयोग जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर भागात (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्त सेवा संघ स्थापून केला. पुढे संघाचे केंद्र पुण्यात आले. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी एकाच छताखाली राहावे, साधे अन्न घ्यावे, खादी वापरावी आणि उपासनेला भारतीय रूप द्यावे, अशी संघाची दिशा होती. विन्स्लो यांनी कवी रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. मराठी ख्रिस्ती प्रतिभेविषयीचा त्यांचा आदर त्यातून दिसतो.

याच संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्डचे तरुण धर्मगुरू दाखल झाले. भारतीयांबरोबर राहताना त्यांना राष्ट्रीय चळवळीपासून अलिप्त राहता आले नाही. १९३० मध्ये त्यांचे ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यासह ते मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहावयास गेले. तेथे धर्मकार्य करण्यासाठी नागपूरच्या बिशपांचा परवाना आवश्यक होता. राजनिष्ठेच्या शपथेचा आग्रह एल्विन यांना मान्य झाला नाही आणि परवाना मिळाला नाही. काही वर्षांत ते चर्चपासून पूर्णपणे दूर झाले.

पाठविणाऱ्या संस्थेशी निष्ठा आणि ज्यांच्यात राहावयाचे त्या लोकांशी निष्ठा या दोन्ही एकाच दिशेने जातील, याची शाश्वती नसते. उमेदवार जितका समाजात मुरतो, तितका हा ताण वाढतो. म्हणून त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे, याचा विचार प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने प्रारंभीच करणे आवश्यक ठरते.

मावळ-लोणावळा परिसर

या भागात दोन भिन्न प्रयत्न झाले. फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी १९७३ मध्ये पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ ही संस्था १९७८ मध्ये लोणावळ्यात आली. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांना समुपदेशन व आध्यात्मिक मार्गदर्शनाचे शिक्षण तेथे मिळू लागले. डिमेलो यांच्या पद्धतीत ख्रिस्ती प्रार्थनेबरोबर विपश्यनेसारख्या पौर्वात्य ध्यानमार्गांचाही उपयोग होता. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे अवलोकन करावे, हा तिचा गाभा होता. मात्र १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली. निष्ठेचा तो ताण येथेही दिसतो.

दुसरा प्रयत्न गी प्वातवँ (१९३४-२००४) यांचा. फ्रान्समधून १९७२ मध्ये पुण्यात आलेल्या प्वातवँ यांनी पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. हेमा राईरकर आणि स्थानिक कार्यकर्त्यांसह त्यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांत काम केले. त्यातून जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध झाला; महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. हे चर्चचे कार्य नव्हते; तरीही आपल्या विषयाला ते मार्गदर्शक आहे. दळणाऱ्या स्त्रीला ज्ञान द्यावयाचे आहे, असे न मानता तिच्याजवळ असलेले ज्ञान ऐकावयाचे आहे, असे येथे मानले गेले.

ही भूमिका मावळात विशेष महत्त्वाची का, हे येथील इतिहासावरून कळते. टाटांच्या वळवण, शिरवता येथील धरणांसाठी आणि पुढे पवना धरणासाठी येथील जमिनी पाण्याखाली गेल्या. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलीस गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला. बाहेरून येणारा माणूस काहीतरी घेण्यासाठीच येतो, ही शंका अशा अनुभवांतून निर्माण होणे स्वाभाविक आहे. शिवाय कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर अशा समूहांची बोली आणि जीवनरीत वेगवेगळी असल्याने वर्गात शिकलेली प्रमाण मराठी येथे अपुरी पडते.

सेवा आणि सत्ता

परदेशी पैसा, शिक्षण व औषध यांसह येणारी सेवा ग्रहण करणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्य कितपत असते, हा आक्षेप गंभीर आहे. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाच्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांच्या कार्यावर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी तिचे निष्कर्ष नाकारले. परदेशी व्यक्तीला आज धर्मकार्यासाठी स्वतंत्र मिशनरी व्हिसा घ्यावा लागतो. कायद्याने प्रवेशाचा प्रश्न सुटतो. विश्वासाचा मात्र प्रत्यक्ष वर्तनातूनच सोडवावा लागतो. मदत आणि धर्मस्वीकार यांचा संबंध जोडला जाणार नाही, ही दक्षता त्यासाठी अनिवार्य आहे.

निष्कर्ष

१) आरंभीचा पुरेसा काळ केवळ भाषा आणि बोली शिकण्यासाठी राखून ठेवावा, या काळात उपदेशाची जबाबदारी देऊ नये.

२) निवास आणि आहार शक्य तितका स्थानिक लोकांसारखा असावा.

३) मूल्यमापनात पर्यवेक्षकाबरोबर स्थानिक समाजाचेही मत घ्यावे.

४) संस्था आणि समाज यांच्याशी असलेल्या निष्ठांत विरोध आल्यास उमेदवाराने कोणाशी बोलावे, हे आधीच ठरलेले असावे.

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि समाजकार्याचे क्षेत्रकार्य यांनाही हे निकष लावून पाहता येतील. आपले विद्यार्थी मावळातील एखाद्या वाडीवर सात दिवस राहून येतात, तेव्हा आपण त्यांच्याकडून किती काम झाले याचा अहवाल मागतो. त्यांनी तेथे कोणाकडून काय शिकून घेतले, हेही त्या अहवालात नोंदविले जावे.