‘जामित्र’ शब्दाचा अर्थ व मूळ

विवाहमुहूर्ताच्या ग्रंथांत ‘जामित्र’ ही संज्ञा येते. लग्नापासून सातवें स्थान असा तिचा सामान्य अर्थ आहे. हें जायास्थान असल्यामुळें ‘जामि’ म्हणजे कुलस्त्री व तिचें रक्षण करणारें तें जामित्र, अशी फोड कित्येक सांगतात. फोड सोईची खरी. परंतु ती मागाहून बसविलेली आहे.

शब्द मूळचा ग्रीक. ‘दिआमेत्रोस्’ म्हणजे वर्तुळाचा व्यास; ज्योतिषांत त्याचेंच ‘दिआमेत्रोन्’ हें रूप समोरासमोरील स्थानास लावीत. राशिचक्राच्या एका बिंदूपासून व्यास ओढला असतां तो 180 अंशांवर, म्हणजे सातव्या स्थानीं, जाऊन मिळतो. लग्न पूर्वेस उगवत असतां हें स्थान पश्चिमेस मावळत असतें, म्हणून त्यास ‘अस्त’ असेंही म्हणतात. वराहमिहिरानें बृहज्जातकांत दिलेलें ‘द्यून’ हें नांवही मावळण्याच्या अर्थाचा ग्रीक शब्दच होय.

‘दिआ’चा ‘जा’ कसा झाला, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. ‘अद्य’चें ‘आज’ व ‘विद्युत्’ची ‘वीज’ ज्या वाटेनें झाली तीच ही वाट. यावरून हा शब्द पोथींतून नव्हे, तर बोलण्यांतून आला असावा, असें आम्हांस वाटतें. ‘मेत्र’चें ‘मित्र’ झाल्यावर तर त्याचें परकेपण ओळखूं येईनासें झालें.

मूळ अर्थ मात्र गणितांत टिकून राहिला. राम दैवज्ञानें शके 1522 (इ. स. 1600) मध्यें काशी येथें मुहूर्तचिंतामणि रचला. त्यांत लग्न किंवा चंद्र ज्या नवांशांत असेल त्यापासून 55 व्या नवांशांत ग्रह असल्यास जामित्रदोष सांगितला आहे. एक नवांश 3 अंश 20 कलांचा. असे 54 नवांश म्हणजे बरोबर 180 अंश. अर्थात् 55 वा नवांश पहिल्याच्या अगदीं समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोंकास, येतो. जामीचें रक्षण करणाऱ्या शब्दास इतक्या काटेकोर मोजणीचें कारण काय?

या शब्दास इतिहासांत महत्त्व आलें तें कालिदासामुळें. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गाच्या आरंभींच, पार्वतीच्या विवाहप्रसंगीं, त्यानें तो योजिला आहे. तेव्हां यवनांच्या संज्ञा येथें रुळल्यानंतरचा हा कवि, एवढें निश्चित. शके 556 (इ. स. 634) च्या ऐहोळे येथील शिलालेखांत त्याचें नांव असल्यानें खालची मर्यादाही ठरते. वरची मर्यादा ठरविणें तितकें सोपें नाहीं. स्फुजिध्वजाच्या यवनजातकाचा काळ डेव्हिड पिंग्री यांनीं 1978 च्या आवृत्तींत इ. स. 269-70 धरला होता, व त्यावर पुष्कळांनीं भिस्त ठेविली. परंतु 2013 मध्यें बिल माक यांनीं नेपाळांतील हस्तलिखिताच्या आधारें तो काळ ग्राह्य नसल्याचें दाखविलें; ग्रंथ इ. स. 22 नंतर व सातव्या शतकाच्या आरंभापूर्वीं केव्हांचाही असूं शकेल. म्हणून ‘जामित्र’ शब्दाकडे यवनजातकाचें बोट धरून पाहणाऱ्यांनीं कालिदासाचें शतक त्यावरून ठरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.