‘काळी बुरशी’ आणि अर्भकाचे जठर

मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तमिळनाडू शासनाने म्यूकरमायकोसिस या रोगाचा प्रत्येक रुग्ण कळविणे बंधनकारक केले. चेन्नईत हा रोग ‘करुप्पु पूंजै’ या नावाने, तर मराठीत ‘काळी बुरशी’ या नावाने लोकांच्या तोंडी झाला. दोन्ही नावांचा अर्थ एकच आहे आणि उणीवही एकच आहे. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. तिचे तंतू रक्तवाहिनीच्या भित्तीत शिरतात, आत रक्त गोठते आणि रक्ताविना मेलेली ऊती काळी पडते. काळेपणा आहे तो या मृत ऊतीचा.

त्या वर्षीच्या अनुभवामुळे या नावाशी मधुमेही प्रौढाचे नाक व डोळा यांचेच चित्र जोडले गेले. नवजात अर्भकांत मात्र हा रोग प्रामुख्याने अन्नमार्गात किंवा त्वचेवर आढळतो. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बालकाची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असते; प्रतिजैविके व स्टेरॉइडे यांनी धोका वाढतो. सर्वत्र आढळणारे बीजाणू दुधातून वा नळीवाटे जठरात पोहोचू शकतात. तेथील रक्तवाहिन्या बुजल्या की जठराची भित्ती मरते आणि तिला छिद्र पडते.

हे कारण विरळा आहे. धोका आहे तो नेमका त्यामुळेच. एग्मोर येथील शासकीय बालरुग्णालयासारख्या संस्थेत पोट फुगलेले अर्भक येते आणि क्ष-किरण चित्रात उदरपोकळीत हवा दिसते, तेव्हा प्रथम विचार होतो तो आतड्याच्या जिवाणूजन्य दाहाचा, नळीच्या इजेचा किंवा पुढील मार्गातील अडथळ्याचा. जिवाणूंवरील औषधे बुरशीवर चालत नाहीत, आणि मृत कडा तशीच ठेवून छिद्र शिवले तर रोग पुढे सरकतो. रक्ताच्या तपासणीत ही बुरशी सहसा सापडत नाही. छिद्राची कापलेली कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणजे फितीसारखे रुंद, विरळ पडद्यांचे आणि जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसतात. अँफोटेरिसिन बी हे औषध मात्र संशय येताच सुरू करावे लागते. अहवालाची वाट पाहण्याइतका अवधी अर्भकापाशी बहुधा नसतो.

तेव्हा ‘काळी’ हे विशेषण बुरशीचे वर्णन म्हणून चुकीचे असले, तरी छिद्राच्या कडेचे वर्णन म्हणून यथार्थ आहे. तेथपर्यंतचा भाग कापून काढावा आणि तपासणीस पाठवावा, एवढे ते शल्यचिकित्सकास सांगते.