चाळणीत राहिलेला कस

‘पूर्वीच्या शेवया पौष्टिक असायच्या’ हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांतला शेवयांचा प्रवास पाहिला, तर ते अर्धंच खरं वाटतं.

पाटावरच्या हातशेवयांसाठी गहू ओलवून दळायचे आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. सपीठ जितकं मऊ, तितकी शेवई बारीक आणि लांब सुटणार. खपलीसारखा कसदार गहू घेतला, तरी त्याचा कोंडा जनावरांपुढे जाई; सोबत लोह आणि ब जीवनसत्त्वंही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमहून जास्त तंतू आहेत, मैद्यात तीनाच्या आत. लोह निम्म्याहून कमी. प्रथिनं मात्र दोन्हींत दहाच्या आसपास. घरचं सपीठ या दोहोंच्या मधलं, पण माझ्या मते मैद्याकडे झुकणारं.

ताटाला कस यायचा तो दुधामुळे. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, दुधात भरपूर. त्यामुळे खिरीतली किंवा शिरखुर्म्यातली शेवई एकटीपेक्षा कितीतरी चांगली प्रथिनं देते. गुळवणी-तुपासोबत खाल्ली तर ताकद म्हणजे मुख्यतः उष्मांक. शिवाय हा सणाचा, पाहुण्यांचा पदार्थ. रोजचं पोट भाकरीवरच भरायचं. कोकणातल्या शिरवाळ्यांचंही तसंच: तांदळाच्या उकडीत प्रथिनं बेताची, आणि नारळाच्या रसातून येते ती स्निग्धता.

पुढे हाताने फिरवायचं यंत्र आलं, मग विजेवरचं. बायकांचे खांदे वाचले, ही यातली सर्वांत मोठी कमाई. यंत्राला दोर ओढायचा नसल्याने कणकेच्या शेवयाही सहज निघू लागल्या, पण दुकानात खपली ती मैद्याची, पांढरी. १९८० च्या दशकात झटपट नूडल्स आल्या: तेलात तळलेली वडी, खारट मसाला आणि दुधाचा पत्ताच नाही. पोषणाच्या दृष्टीने खरी घसरण मला इथे दिसते, पाट जाऊन यंत्र आलं तिथे नव्हे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. नाचणीच्या शेवयांची चलती झाली, आणि ती रास्तही आहे: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, कणकेत जेमतेम ३१. पण नाचणीत ग्लुटेन नाही, शेवई तुटते. म्हणून अनेकदा तीत गहू किंवा मैदा मिसळतात. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. नाचणीचं नाव तिथे कितवं आहे, एवढं पाहून घ्यावं.